बिघाडाआधीची दुरुस्ती : एका जुन्या टर्बो गाडीच्या निमित्ताने



व्याख्यानमालेत सामान्यतः मोठ्या विषयांची वर्णी लागते. माझा आजचा विषय गॅरेजमधला आहे. त्याला थोडा तेलाचा वास येईल, तो आपण सोसावा. यंत्र बिघडले म्हणजे दुरुस्त करावे, ही एक रीत झाली. ते बिघडण्याच्या आधीच, म्हणजे ते उत्तम चालत असतानाच त्याला हात घालावा, ही दुसरी रीत. या दुसऱ्या रीतीला आपण प्रतिबंधक देखभाल म्हणू. ऐकायला ती मोठी शहाणपणाची वाटते. परंतु खिशात हात घालायची वेळ आली की प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : जो भाग आज व्यवस्थित चालला आहे तो काढून टाकायचा आणि पैसे मोजून त्याच्या जागी नवा बसवायचा, ही उधळपट्टी नव्हे काय?

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याचे खरे उत्तर ‘कधी होय, कधी नाही’ असे आहे. आणि ते ‘कधी’ कसे ओळखावे एवढेच मला आज सांगायचे आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवतो. जर्मनीतील श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने १९८५ साली ‘९४४ टर्बो’ नावाची स्पोर्ट्स गाडी बाजारात आणली. १९९१ पर्यंत ती तयार होत होती. चार सिलिंडरांचे, सुमारे अडीच लिटरचे इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोहोंना जोडणारा दांडा मधल्या लांब नळीत. शक्ती २२० अश्वशक्ती, वेग ताशी २४५ किलोमीटरपर्यंत. नवी होती तेव्हा ती श्रीमंतांची गाडी होती. आज तिचे वय पस्तीस ते चाळीस वर्षांच्या घरात आहे. युरोप-अमेरिकेत मधल्या काळात तिची किंमत बरीच उतरली आणि ती बेताच्या मिळकतीच्या शौकिनांच्या हाती आली. त्यांतल्या कित्येक गाड्या दोन-अडीच लाख किलोमीटर धावल्या आहेत आणि आजही धावतात. कित्येक मात्र एका रबरी पट्ट्यापायी भंगारात गेल्या. दोहोंची बनावट तीच, कारखाना तोच. मग हा फरक कशाने पडला?

आपल्यापैकी कुणाच्या दारात अशी गाडी नसेल, तरी हे विवेचन परके मानू नका. हल्लीच्या डिझेल मोटारी, ट्रक आणि बस यांच्या इंजिनांवर बहुतेक ठिकाणी टर्बो असतोच, आणि छोट्या पेट्रोल गाड्यांतही तो आला आहे. शिवाय मी जो नियम सांगणार आहे तो तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत लागू पडतो, हे पुढे दिसेलच.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर फुकट जाते. त्या धुराच्या झोताने एक छोटे चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवेचा पंखा बसवावा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबावी, अशी ही योजना. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांवर ती रुळली. विक्रीच्या मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत आली. टाकाऊ धुरातून काम काढणारी ही युक्ती काटकसरीची खरी, पण तिची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. ते चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते; म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शे-दीडशे फेरे झालेले असतात. जोरात चालवलेल्या पेट्रोल गाडीत त्याचे धुराकडचे टोक लालभडक तापते. आणि हा दांडा तोलून धरतो कोण? तर तेलाचा एक पातळ थर! तेल उत्तम असेल तर धातूला धातू शिकत नाही. तेल जळून त्याचा कोळसा झाला, की तो दांडा फार दिवस टिकत नाही.

आता वार्धक्याकडे येऊ. गाडी किती जुनी, असे विचारले की आपण किलोमीटरचा आकडा वाचतो. तो महत्त्वाचा आहेच. दोन लाख किलोमीटर, सरासरी ताशी साठने, म्हणजे सुमारे तेहेतीसशे तास. मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर इंजिनाने पन्नास कोटी फेरे घेतले! धातू झिजतो तो या हिशेबाने. परंतु रबर या हिशेबाने म्हातारे होत नाही. रबराला हवेतला प्राणवायू आणि उष्णता खाते, गाडी चालो वा उभी राहो. अशा रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून टर्बोशेजारची नळी आणि दिव्यामागची नळी एकाच दिवशी बसवली असली, तरी पाच वर्षांनी त्या एका वयाच्या राहत नाहीत.

तेव्हा गाडीला घड्याळे दोन : एक किलोमीटरचे, एक कॅलेंडरचे. ‘फक्त चाळीस हजार चालली आहे, वीस वर्षे शेडमध्ये जपून ठेवली होती,’ असे विकणारा अभिमानाने सांगतो, तेव्हा घेणाऱ्याने खूश न होता सावध व्हावे. या ९४४ गाडीत तर किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रातले प्लॅस्टिकचे छोटे चाक तुटण्याची खोड प्रसिद्ध आहे. ते तुटले की गाडी धावते आणि आकडा मात्र जागच्या जागी! असा आकडा पाहून इंजिनाचे वय ठरवणे म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात मुहूर्त पाहणे होय.

मग सगळेच भाग ठराविक मुदतीने बदलावेत काय? येथे आपली गाठ एका विरुद्ध सत्याशी पडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या ‘कोस्टल कमांड’ विभागात वॅडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ कार्यसंशोधनाच्या कामावर होते. तेथे विमानांची दर पन्नास उड्डाणतासांनी कसून तपासणी होई. त्यांना नोंदींत असे आढळले की तपासणीनंतर लगेचच विमाने जास्त बिघडत, आणि जसजसे तास जात तसतसे बिघाड कमी होत. म्हणजे जी उघडझाक बिघाड टाळण्यासाठी केली जात होती, तीच काही बिघाड निर्माण करीत होती. हा सारा वृत्तान्त १९७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे १९७८ साली अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात शेकडा ८९ प्रकारच्या भागांना वयाची मुदत घालून काही लाभ नाही, असे निघाले. मोटार म्हणजे विमान नव्हे, हे खरे. पण धडा स्पष्ट आहे : चालत्या यंत्राला उगीच पाना लावणे ही देखभाल नव्हे.

तात्पर्य, विवेक हवा. प्रत्येक भागापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. हा भाग वयाने निश्चित खराब होतो काय? खराब होण्यापूर्वी तो काही सूचना देतो काय? आणि तो गेला तर आपल्याबरोबर काय काय घेऊन जातो? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून भागांचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग : वयाने खराब होणारे, सूचना न देणारे, आणि जाताना मोठा घात करणारे. हे भाग चांगले असतानाच काढावेत. ९४४ चा टायमिंग पट्टा हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. हा दातेरी रबरी पट्टा खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या कॅमशाफ्टशी जोडतो. पिस्टन वर येण्याच्या वेळी व्हॉल्व्ह मिटलेला असावा, हा मेळ तोच राखतो. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच जागेत राहण्याइतकी जागा नाही. पट्टा तुटला किंवा काही दाते घसरला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवावे लागते, आणि बिल पट्ट्याच्या किमतीच्या कित्येक पट होते. पट्टा आधी कुरकुरत नाही, आवाज करीत नाही. सकाळी गाडी नेहमीसारखी सुरू होते आणि दुपारी रस्त्यात कायमची थांबते. यास्तव जाणत्या मेकॅनिकांचा प्रघात असा की तीन-चार वर्षे किंवा सुमारे पन्नास हजार किलोमीटर, यांत जे आधी येईल तेव्हा पट्टा बदलावा. याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. त्याचे बेअरिंग जाम झाले तर ते पट्ट्याला घेऊन जाते. म्हणून पट्ट्याबरोबर पंपही पाहावा आणि पुढची ऑइल सीलेही बदलावीत, कारण तेल लागलेला पट्टा लवकर नासतो. इंजिनातला थरकाप मारणाऱ्या दोन दांड्यांचा वेगळा पट्टा आहे, तोही त्याच वेळी बदलावा. नवा पट्टा सुरुवातीला किंचित ताणतो. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. ढिला असेल तर दाते घसरतील, फार ताणला तर पंपाचे बेअरिंग जाईल. तपासणीनंतरच्या बिघाडांचे मघाचे कोडे येथे आपणहून सुटते.

याच ढिगात इंजिनावरच्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या येतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची धार पडली तर काय होईल हे सांगायला नको. आणि येथेच तुमचे स्वयंपाकघर येते. गॅसच्या सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नळी हीही पहिल्याच ढिगातली वस्तू आहे. आपल्याकडे मिळणारी ती नारिंगी ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आज घरी गेल्यावर तिच्यावरची तारीख वाचा. ती दिसायला चांगली आहे म्हणून राहू दिली, असे म्हणू नका. दिसायला चांगला तो पट्टाही असतो.

दुसरा ढीग : जे भाग हळूहळू खराब होतात आणि विचारले तर सांगतात. यांना मुदत नको, नजर हवी. तेल हे यांतले पहिले. टर्बो गाडीचे तेल साधारण आठ हजार किलोमीटरला, किंवा गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, बदलावेच. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात पाणी व पेट्रोल साचते. परंतु जुने तेल मोरीत ओतण्याआधी ते बोलके असते, हे ध्यानात ठेवावे. आणि मोरीत तर ते ओतूच नये! फिल्टर कापून कागद पसरला तर त्यात चमकणारे कण दिसतात की नाही ते कळते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर त्यातले लोखंड, तांबे, शिसे मोजून कोणता भाग झिजतो आहे याचा अंदाज येतो. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे.

पाण्याचेही तेच. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनिअम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा असून त्यात वेगळ्या लोखंडी स्लीव्ह नाहीत. एकदा फार तापून सिलिंडर ओरबाडले गेले की नाक्यावरच्या वर्कशॉपमध्ये नेहमीचे बोअरिंग करून भागत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे पाणी घालून वेळ मारून नेणे या गाडीला महाग पडते. योग्य कूलंट, दोन-तीन वर्षांनी ताजा, आणि काट्यावर नेहमी नजर, एवढे पुरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते दर दोन वर्षांनी बदलावे, हे येथेच सांगून ठेवतो. ते मात्र नजरेवर सोडू नये, कारण ब्रेकचा दगा उतारावरच कळतो.

या ढिगातली एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. गाडी जोरात चालवून एकदम बंद केली, तर टर्बोभोवतीचे तेल वाहायचे थांबते आणि तापलेल्या धातूवर जळते. हे टाळण्यासाठी ९४४ टर्बोच्या कारागिरांनी टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळवले, आणि इंजिन बंद झाल्यावरही ते पाणी काही वेळ फिरत राहावे म्हणून विजेवर चालणारा एक छोटा पंप बसवला. आता हा पंप मेला तर मालकाला काय कळते? काहीच नाही! गाडी पूर्वीइतकीच जोरात पळते. दंड होतो तो पुढे केव्हातरी टर्बोला, आणि मालक म्हणतो, टर्बो अचानक गेला. तेव्हा अशा गाडीतून उतरल्यावर लगेच चालू लागू नये. दार लावून क्षणभर कान द्यावा. आतून गुणगुण ऐकू आली, तर पंप जिवंत आहे. या तपासणीला एक पैसा पडत नाही. आणि घरी पोचण्याआधीचे दोन-चार मिनिटांचे अंतर सावकाश काटले, तर पंपाचेही काम हलके होते.

तिसरा ढीग : जे भाग केव्हा जातील ते सांगता येत नाही, पण गेले तरी दुसऱ्याचा घात करीत नाहीत. यांना जाऊ द्यावे. या गाडीत इंजिनाच्या वीजव्यवस्थेचा एक रिले आहे. त्याच्या आतले डाख कालांतराने तडकतात, आणि मग गाडी सुरूच होत नाही. तो आधी बदलण्याचा फारसा उपयोग नाही. नवाही केव्हातरी जाईल. शहाणा मालक दुसरा रिले डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवतो. दोन मिनिटांत जुना काढून नवा बसतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरे. परंतु प्रत्येक तहानेसाठी विहीरच लागते असे नाही, कधी तांब्या पुरतो.

या तीन ढिगांना एक पोटनियम जोडायचा आहे. कित्येक कामांत भागाची किंमत थोडी आणि तिथवर पोचण्याची मजुरी फार असते. ९४४ ची क्लच प्लेट बदलायची तर मागचा गिअरबॉक्स आणि मधली लांब नळी उतरवावी लागते. जुन्या क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असते, आणि ते वयाने फाटते. अशा वेळी एवढे उघडल्यावर जुनेच क्लच बेअरिंग आणि जुनेच मागचे ऑइल सील परत आत ठेवणे ही काटकसर नव्हे. सील चांगले असले, तरी त्याच्यासाठी पुन्हा सारे उतरवण्याची मजुरी आपण आजच वाचवत असतो. एका उघडण्यात जितके साधेल तितके साधावे. पण त्यासाठी मुद्दाम उघडू नये.

आता पैशाची गोष्ट. ती बोलल्याशिवाय हा विषय प्रामाणिक होत नाही. जुनी मोठ्या घराण्याची गाडी स्वस्तात मिळते. तिचे सुटे भाग मात्र घराण्याच्याच भावाने मिळतात. गाडीवर घसारा चढतो, पट्ट्यावर आणि पंपावर तो चढत नाही. ज्याने गाडी घेण्यातच सारी शिल्लक खर्च केली, त्याच्याजवळ पट्ट्याला पैसे उरत नाहीत. तो म्हणतो, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी तो गाडी विकतो. दुसराही तेच म्हणतो. देखभाल टाळून वाचवलेला पैसा वास्तविक वाचलेला नसतो. ते गाडीच्या नावावर काढलेले कर्ज असते, आणि ते फेडतो तिसरा, ज्याने ते काढलेच नव्हते. या गाड्या भंगारात गेल्या त्या बहुतांशी अशाच रीतीने. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच : किमतीबरोबर पहिल्या वर्षाच्या देखभालीची रक्कम बाजूला काढता येत नसेल, तर गाडी परवडत नाही असे समजा. आणि कोणते काम कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर झाले याची वही नसेल, तर ते काम झालेच नाही असे धरून चाला. आपली वही मात्र नीट ठेवा. ती पुढच्या मालकासाठी आहे, आणि आपल्या प्रामाणिकपणाचा तोच एक पुरावा आहे.

याच ठिकाणी एका मोहाचा उल्लेख करतो. टर्बोचा दाब थोडा वाढवला की अश्वशक्ती वाढते, आणि हे काम फारसे अवघड नाही. मूळ गाडीत हा दाब वातावरणाच्या दाबावर सुमारे पाऊणपट ठेवलेला होता. इंजिनात इंधन अवेळी भडकू लागले तर ठिणगीची वेळ मागे घेणारी आणि दाब उतरवणारी यंत्रणाही त्यात होती. चाळीस वर्षांच्या नळ्या, चाळीस वर्षांचे हेड गॅस्केट आणि वर नव्या दमाचा दाब, हा जोडा जमत नाही. ज्याला शक्ती वाढवायची हौस आहे त्याने आधी जे आहे ते निरोगी करावे. पुष्कळदा असे दिसते की फुटक्या नळ्यांतून गळणारी हवा थांबवल्यावर हरवलेली शक्ती आपणहून परत येते.

शेवटी, या कामाचे एक वैगुण्य आहे, आणि तेच त्याचे मोठेपण आहे. बिघडलेली गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकाची वाहवा होते. जी बिघडलीच नाही, तिच्याबद्दल कुणाचे आभार मानायचे? पट्टा वेळेवर बदलला आणि काहीही झाले नाही, यात सांगण्यासारखे काय आहे? उलट मालक जुना पट्टा हातात घेऊन म्हणतो, अहो, हा तर अजून चांगला आहे! त्याला उत्तर असे द्यावे की साहेब, तो चांगला आहे म्हणूनच तो तुमच्या हातात आहे. वाईट झाला असता, तर तुमच्या हातात वाकलेले व्हॉल्व्ह असते.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. चांगला भाग काढून टाकणे ही उधळपट्टी खरीच, जर तो तिसऱ्या ढिगातला असेल. पहिल्या ढिगातला असेल, तर ती इंजिनाची किंमत आहे आणि ती फार स्वस्त आहे. आपल्या घरी पाण्याचा पंप असेल, दुचाकी असेल, गॅसची नळी तर आहेच. एखाद्या रविवारी वही घेऊन बसा, हे तीन ढीग पाडा, आणि पहिल्या ढिगापुढे तारखा घाला. एवढे आपण केलेत, तर आपला हा तास सत्कारणी लागला असे मी समजेन.